मधला कप्पा

बाळंतपणासाठी दवाखान्यात न्यायच्या पिशवीत काय काय असावे, याविषयी मराठी घरांत सहसा मतभेद होत नाही. धुऊन धुऊन मऊ झालेल्या जुन्या लुगड्यांची दुपटी, दोन टोपडी, बाळंतिणीच्या कानांना बांधायचा रुमाल, ओव्याची पुरचुंडी आणि खाण्याचा डबा ही यादी आजीकडून आईकडे आणि आईकडून लेकीकडे तोंडीच चालत आलेली असते. वाद झालाच तर तो डिंकाच्या लाडवात गूळ किती घालावा एवढ्यापुरता. डबा नेमका कोणत्या घटकेला उघडायचा, याविषयी मात्र ती यादी काही सांगत नाही.

लेकीच्या पहिल्या बाळंतपणासाठी वाईहून हैदराबादला आलेल्या एका आईपुढे हा प्रश्न अगदी ऐन वेळी उभा राहिला. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे ही रीत. परंतु लेकीची नोकरी, तिच्या डॉक्टरीणबाई आणि नऊ महिन्यांचे सारे कागद हैदराबादेत होते. तेव्हा लेक माहेरी येण्याऐवजी माहेरच लेकीकडे आले, आणि येताना स्टीलचा तीन कप्प्यांचा एक डबा घेऊन आले. नववा महिना संपत आला तसा आईने तो घासून, उन्हात वाळवून भरायला घेतला. वरच्या कप्प्यात राजगिऱ्याच्या वड्या, मनुका आणि साळीच्या लाह्या ठेवल्या. दवाखान्यात पोहोचेपर्यंतचे आणि बरोबरच्या माणसांचे हे खाणे. खालच्या कप्प्यात डिंकाचे अकरा लाडू, खारीक, खोबरे, खसखस आणि सुंठ घालून केलेले, ते बाळंतिणीचे. मधल्या कप्प्यात काय ठेवायचे हे तिला सुचेना. तिने तो रिकामाच वरखालच्या कप्प्यांमध्ये बसवला आणि डब्याची कडी लावली.

हे न सुचणे निष्काळजीपणाचे नव्हते. त्यामागे तीसएक वर्षांपूर्वीची एक रात्र होती. ही लेक १९९४ साली जन्मली. त्या वेळी कळा सुरू झालेल्या बाईच्या पोटात काही जाऊ द्यायचे नाही, असा त्या दवाखान्याचा नियम होता. संध्याकाळी आत गेलेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी मोकळी झाली. मधल्या साऱ्या वेळात तिच्या हाताला सलाईन होते आणि ओठांवरून अधूनमधून ओला कापूस फिरत होता. तिची आई व्हरांड्यात तुपातल्या शिऱ्याचा डबा पदराखाली धरून बसली होती. दार उघडले की ती उठून उभी राही. डबा आत घेता येणार नाही असे सांगून दार पुन्हा मिटे. वेदना विसरल्या जातात असे बायका म्हणतात, आणि ते बऱ्याच अंशी खरेही असावे. या आईला मात्र वेदनांपेक्षा ती तहानच अधिक लख्ख आठवत होती. दुपारी मिळालेला गारढोण शिरा तिने बोटांनी निपटून खाल्ला होता. आता तोच डबा धरून उभे राहण्याची पाळी तिच्यावर आली होती.

भारतीय भाषांतील स्त्रीजीवनाचे वाङ्मय नजरेपुढे आणले, तर या रिकाम्या कप्प्याचे नवल वाटू लागते. गर्भारपणातल्या खाण्याविषयी या भाषा विलक्षण बोलक्या आहेत. मराठीत डोहाळजेवण आहे, बंगालीत साध आहे. गर्भिणीला काय खावेसे वाटते हा लोकगीतांचा एक लाडका विषयच आहे. बाळंतपणानंतरच्या खाण्याविषयीही तेच. महाराष्ट्रात डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, गुजरातेत काटलू, पंजाबात पंजिरी, तामिळनाडूत प्रसवलेह्य. प्रत्येक प्रांताने आपली सुंठ, आपला गूळ आणि आपले तूप बाळंतिणीच्या पुढ्यात ठेवले आहे. आपल्याकडे तर बाळंतविडा देण्याचा रिवाजच आहे. म्हणजे आधीचा कप्पा भरलेला, नंतरचाही भरलेला. परंतु ज्या दहा-बारा तासांसाठी हा सारा खटाटोप, त्या तासांत त्या बाईने काय खावे, किंबहुना खावे की नाही, याविषयी गाणी फारसे बोलत नाहीत.

याचे एक कारण शब्दांतच दडलेले असावे. मराठीत बाईला ‘वेणा’ येतात. हा शब्द वेदनेतूनच आला आहे. हिंदीत प्रसवपीडा, उर्दूत दर्द-ए-ज़ेह, तेलुगूत पुरिटि नोप्पुलु. बहुतेक ठिकाणी या घटकेचे नाव दुखण्यावरून पडले आहे. इंग्रजीने मात्र तिला ‘लेबर’, म्हणजे श्रम, म्हटले. यावरून इंग्रजी भाषा अधिक कनवाळू ठरत नाही. बाईला उपाशी ठेवण्याचा नियम पुढे त्याच भाषेतून पसरला. तरीही फरक विचार करण्याजोगा आहे. जिला वेदना होतात तिच्यासाठी माणसे औषध शोधतात. जी श्रम करते तिच्यासाठी भाकरी बांधून देतात. शेतावर गेलेल्या माणसाची न्याहारी चुकू न देणाऱ्या घरालाही, रात्रभर कळा देणारी सून काही काम करीत आहे, असे चटकन वाटत नाही. मराठी सुईण मात्र हे ओळखून असते. ती त्या बाईला ‘सोस’ एवढेच म्हणून थांबत नाही. ‘जोर कर’ असेही म्हणते. आणि जोर रिकाम्या पोटी येत नाही.

जुन्या वैद्यकाला हे ठाऊक होते. चरकसंहितेच्या शारीरस्थानात सूतिकागाराची तयारी सांगताना जमवायच्या वस्तूंची जी लांबलचक यादी आहे, तीत तूप, तेल, मध, सैंधव, गूळ, सुंठ आणि पिंपळी ही नावे येतात. दवाखान्याच्या पिशवीची ती पूर्वजच म्हणायची. सुश्रुताने त्यापुढचे पाऊल टाकले. प्रसूती जवळ आलेल्या स्त्रीला अभ्यंग करावा, ऊन पाण्याने न्हाऊ घालावे आणि कंठापर्यंत यवागू पाजावी, असे त्याचे सांगणे आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातही याच प्रसंगी तूप घातलेली पेया आहे. यवागू काय किंवा पेया काय, धान्य शिजवून केलेली पातळ कांजीच ती. या पेयेचेच प्राकृतातून मराठीत आलेले रूप म्हणजे पेज. कोकणात आणि गोव्यात आजही आजाऱ्यापासून शेतकऱ्यापर्यंत सगळ्यांना चालणारी पेज एके काळी या मधल्या कप्प्यात होती. ती केवळ तेथून काढली गेली.

ती काढण्यामागेही दुष्टावा नव्हता. १९४६ साली न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेलसन या प्रसूतितज्ज्ञाने एक निबंध प्रसिद्ध केला. १९३२ ते १९४५ या काळात एका प्रसूतिगृहात झालेली ४४,०१६ बाळंतपणे त्याने तपासली होती. त्यांपैकी ६६ स्त्रियांच्या बाबतीत, भूल दिलेली असताना, पोटातले अन्न वा आम्ल श्वासनलिकेत गेले होते. दोघी दगावल्या होत्या. तो काळ तोंडावर मुखवटा धरून पूर्ण भूल देण्याचा होता. मेंडेलसनने भूल अधिक सावधपणे द्यावी, शक्य तेथे ती जागेपुरतीच द्यावी, असेही सुचवले होते. जगभरच्या दवाखान्यांनी त्याच्या सल्ल्यातला अंमलात आणण्यास सर्वांत सोपा भाग आधी उचलला आणि तो सरसकट लागू केला : बाईला काही खाऊ-पिऊ देऊ नका. पुढे भुलेची पद्धत बदलली, शस्त्रक्रियेतही ती बहुधा पाठीतून दिली जाऊ लागली. नियम मात्र दारावरच्या पाटीसारखा राहिला. प्रत्येक बाईकडे, तिची शस्त्रक्रिया व्हायचीच आहे, अशा नजरेने पाहिले जाऊ लागले.

या नियमाची फेरतपासणी व्हायला बराच काळ जावा लागला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या आणि २०१३ साली पुन्हा पाहिलेल्या कोक्रेन समीक्षेने पाच चाचण्यांतील ३,१३० स्त्रियांची माहिती एकत्र केली. ज्यांच्या बाळंतपणात विशेष धोका नव्हता, अशा या स्त्रियांना खाण्यापिण्याची मुभा दिल्याने अपाय झाल्याचे दिसले नाही; उपाशी ठेवण्याने लाभ झाल्याचेही दिसले नाही. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या शिफारशींत, कमी धोक्याच्या प्रसूतीत स्त्रीला खाऊ-पिऊ द्यावे, असे स्पष्ट नमूद केले. भारताच्या दृष्टीने हा प्रश्न लहान नाही. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दवाखान्यात होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण ३८.७ टक्के होते. २०१९-२१ च्या पाहणीत ते ८८.६ टक्क्यांवर गेले. म्हणजे घरची चूल ज्या घटकेला हाताशी होती, ती घटका अवघ्या पंधरा वर्षांत चुलीपासून दूर गेली. २०११ साली सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातल्या बाळंतिणीला साध्या प्रसूतीनंतर तीन दिवस आणि शस्त्रक्रियेनंतर सात दिवसांपर्यंत मोफत आहार देण्याची तरतूद आहे. ती मोलाची आहे; परंतु तिचा हिशेब दिवसांचा आहे. कळांच्या तासांसाठी अजूनही घरून आलेल्या डब्याकडेच पाहावे लागते.

हैदराबादच्या डॉक्टरीणबाईंनी शेवटच्या तपासणीच्या वेळी हे सारे चार वाक्यांत सांगितले होते. सुरुवातीच्या सावकाश कळांत हलके काही खावे. कळा जोरात आल्या की घोट-घोट पातळ घ्यावे. तळलेले, तुपकट, मसाल्याचे नको. आणि वेदनाशामक इंजेक्शन दिल्यावर किंवा काही अडचण दिसल्यास विचारल्याशिवाय पाणीसुद्धा नको. कारणही त्यांनी सांगितले. कळा वाढल्या की जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतो, काही इंजेक्शनांनी तो आणखी मंदावतो आणि स्निग्ध पदार्थ तर एरवीही पोटात रेंगाळतात. गर्भाशय हा स्नायू आहे. त्याला साखर हवी, पाणी हवे, पण थोडे थोडे. लेकीने हे आईला समजावून सांगितले तेव्हा आईचे लक्ष आपल्या लाडवांकडे गेले. त्यांतले तूप, डिंक, सुके खोबरे हे सगळे उद्याचे अन्न होते. आजच्या रात्रीचे नव्हे.

कळा सुरू झाल्या त्या एका संध्याकाळी. घरी असतानाच लेकीने एक केळे आणि मूठभर लाह्या खाल्ल्या. रात्री नऊच्या सुमारास मंडळी दवाखान्यात पोहोचली. प्रसूतीच्या खोलीत बरोबर एका बाईला राहता येत असे. २०१६ सालापासून सरकारी दवाखान्यांतही प्रसूतीच्या वेळी सोबतिणीला परवानगी देण्याचे केंद्र सरकारचे धोरण आहे; या खाजगी दवाखान्यातही तशीच सोय होती. आई आत गेली. विहीणबाई बाहेरच्या बाकावर बसल्या. त्यांची भाषा तेलुगू, हिची मराठी. दोघींचा व्यवहार मोडक्या हिंदीवर चाले. आत जाण्याआधी त्यांनी आईच्या हातात एक थर्मास दिला आणि म्हणाल्या, “वदिना, इसमें जाव है. पतली है. थोडी थोडी देना.” नाचणीचे पीठ पाण्यात शिजवून, मीठ आणि जरासा गूळ घालून, फडक्यातून गाळून घेतलेली ती जाव होती. आईने थर्मास उघडून वास घेतला आणि तिला आपल्या सासूबाईंची आंबील आठवली. यवागू, पेज, जाव, आंबील. ग्रंथ आणि भाषा बदलत गेल्या तरी पातेल्यात ढवळणारा हात एकच असावा असे वाटायला लावणारे हे शब्द आहेत. आईला त्यांतले काही सुचले नसेल. तिने कडी काढली, मधला कप्पा बाहेर घेतला आणि त्यात वाटीभर जाव ओतली.

मध्यरात्रीनंतर कळांना जोर आला. पहिलटकरणीची प्रसूती या टप्प्यापासूनही बारा तासांपर्यंत चालू शकते. तेव्हा घाई कोणालाच नव्हती. दोन कळांच्या मध्ये जो अवकाश मिळे, त्यात आई दोन-तीन चमचे जाव लेकीच्या ओठांना लावी. कधी ती घेई, कधी मान वळवी. मान वळवली की आई चमचा खाली ठेवी. आग्रह करण्याची आयुष्यभराची सवय त्या रात्री तिने आवरून धरली. अन्न दारात अडवणे ही जशी एक सक्ती, तशीच ते घशाखाली उतरवणे हीही दुसरी सक्तीच, हे तिला कोणी सांगावे लागले नाही.

पडद्यापलीकडच्या खाटेवर जुन्या शहरातली एक तरुण मुलगी होती. तिचा रक्तदाब वाढलेला होता; शस्त्रक्रिया करावी लागेल असा डॉक्टरांचा कयास असल्याने तिला काहीही देण्यास त्यांनी मनाई केली होती. आई दाराशी आली तेव्हा त्या मुलीची अम्मी विहीणबाईंच्या शेजारी बसलेली होती. तिच्या मांडीवर रुमालात बांधलेले खजूर होते. तिने ते सोडून आईच्या ओंजळीत घातले. आपल्या मुलीला आता हे चालणार नाही, तेव्हा तुमच्या मुलीला द्या, असे तिने सांगितले. बीबी मरियमला कळा आल्या तेव्हा ती खजुराच्या झाडाशी टेकली होती आणि तिला ताजे खजूर खायला सांगितले गेले, ही कुराणातली कथाही तिने सांगितली. मग बजावले, “थोडाइच खाने को बोलो.” त्या ‘च’ने आई क्षणभर दचकलीच. दखनीने तो मराठीकडूनच घेतला आहे; पहाटे तीन वाजता परमुलखातल्या व्हरांड्यात तो माहेरच्या माणसासारखा भेटला.

खजुराचे लहान लहान तुकडे लेकीने चघळले. पाचच्या सुमारास तिला उलटी झाली. आईचा चेहरा उतरला. तीस वर्षांपूर्वीचा नियमच खरा होता की काय, अशी शंका तिला चाटून गेली. सिस्टरने लेकीचे तोंड पुसले आणि या सुमारास असे पुष्कळदा होते, पोटात काही असो वा नसो, असे सांगितले. त्यानंतर शहाळ्याच्या पाण्याचे घोट तेवढे दिले. तोपर्यंत शेजारच्या मुलीला शस्त्रक्रियेसाठी नेले होते. तिच्यासाठी मधला कप्पा बंदच राहायला हवा होता, हेही तितकेच खरे. प्रत्येकीचा डबा उघडावा असे कोणी म्हणत नाही. तो उघडण्यापूर्वी किंवा मिटण्यापूर्वी त्या विशिष्ट बाईकडे पाहावे, एवढेच मागणे आहे. १९९४ च्या त्या रात्री तेवढे झाले नव्हते.

सकाळी आठ वाजून गेल्यावर मुलगी झाली. शेजारणीला पहाटेच मुलगा झाला होता. मायलेकरे सुखरूप होती. बाळ छातीशी लागल्यावर, डॉक्टरीणबाईंना विचारून, आईने डब्याचा खालचा कप्पा काढला आणि एक लाडू लेकीपुढे धरला. तो क्षण तिने वाई सोडल्यापासून मनात घोळवला होता. लेकीने लाडवाकडे पाहिले, हसली आणि विचारले, “आई, अत्तय्यांची ती जाव उरली आहे का गं?”

जाव उरली होती. थर्मासच्या तळाशी वाटीभर, अजून कोमट होती. लेकीने ती एका दमात संपवली. आईचा हात लाडू धरून तसाच होता. तिच्या एकाएकी लक्षात आले की काल दुपारपासून आपल्या स्वतःच्या पोटात काही गेलेले नाही. वरच्या कप्प्यातले बरोबरच्या माणसांचे खाणे जसेच्या तसे होते. तिने तो लाडू स्वतःच खाल्ला. मग बाहेर जाऊन एक विहीणबाईंना दिला आणि दोन खजुरांच्या रुमालात बांधून शेजारच्या अम्मीकडे सोपवले. तिच्या मुलीला डॉक्टर सांगतील तेव्हा द्यायला.

दुपारी व्हरांड्यातल्या नळावर तिने डबा धुतला. वरचा आणि खालचा कप्पा सहज निघाले. मधल्या कप्प्याला नाचणीचा थर वाळून चिकटला होता. तो तिने भिजत ठेवला.